भागीचा संशय

भागीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते वर्गात नाही, रस्त्यावर. चाफ्याच्या वाडीवरच्या शाळेत मी नव्यानं बदलून आले होते. वाडी मुरबाड तालुक्यात, पण शहापूरच्या हद्दीला इतकी लागून की ओढा ओलांडला की तालुका बदलतो. पहिल्याच दिवशी मुलांनी विचारलं, बाई तू राहतेस कुठं. मी म्हटलं, मुरबाडला. शाळा सुटल्यावर मी पायवाटेनं फाट्याकडे निघाले, तर मागून कुणी येतंय असं सारखं वाटत राहिलं. वळून पाहिलं की करवंदीची जाळी हलायची आणि पुन्हा गप्प व्हायची. फाट्यावर एस.टी. आली, मी चढले, जागा मिळाली म्हणून बसले आणि खिडकीतून मागे पाहिलं. आठ-नऊ वर्षांची एक सावळी, काटकुळी मुलगी दारातल्या कंडक्टरला काहीतरी विचारत होती, आणि तो हसत हसत मुरबाडच्या दिशेला हात दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बोलावलं. "काल माझ्या मागं का आलीस गं?"

"तू मुरबाडला राहते बोललीस. खरंच मुरबाडची गाडी धरतेस का, ते बघायला आलती."

"मग?"

"धरलीस," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. शाबासकी तिनं मला दिली होती, हे मला मागाहून कळलं.

ठाकरवाडीत सगळ्यांना 'तू' म्हणतात. साहेब आला तरी तू, मंत्री आला तरी तू. त्यात अनादर नसतो. भागी मला आजही 'बाई' म्हणते आणि 'तू' म्हणते.

वर्गातली इतर मुलं ऐकलेलं खरं धरून चालत. भागी तपासून घेई. सरळगावच्या बाजारात आईबरोबर गेली की दुकानदाराला म्हणायची, आधी रिकामा तराजू धर. लग्न ठरलं तेव्हा मुलगा वाडीतलाच होता, बुधू. तरी ही पहाटे अचानक त्याच्या घरासमोर जाऊन उभी राहिली, तो खरंच आईच्या आधी उठून पाणी भरतो का ते पाहायला. दोनदा गेली. दोन्ही वेळा त्याच्या खांद्यावर हंडा होता, म्हणून लग्न झालं, असं बुधूच सांगतो आणि हसतो.

पण हा संशय फक्त माणसांसाठी होता. ओढ्याच्या काठाला खेकड्यांची बिळं असतात. शाळेतली मोठी मुलंही तिथं काठी घालून बघायची. भागी मात्र चिखलाला गाल टेकवायची, डोळे मिटायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालायची. "अगं, फुरसं असेल आत," मी काठावरून ओरडायची. "फुरसं असलं की बिळाचं तोंड येगळं दिसतं," ती डोळे न उघडता म्हणायची. हात बाहेर यायचा तेव्हा त्यात नांग्या हलवणारा खेकडा असायचा.

सातवीनंतर तिनं शाळा सोडली. मी पुढे शहापूरकडच्या शाळांवर गेले, निवृत्त झाले, मुरबाडलाच स्थायिक झाले. भागी बाजारात भेटायची. तीन वर्षांपूर्वी भेटली तेव्हा अंगावर निळा कोट होता. एमआयडीसीत बरण्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत ती ठेकेदाराकडून लागली होती. सकाळी फाट्यावर जीप यायची, संध्याकाळी सोडायची. ठेकेदाराला तिनं काय काय विचारून भंडावलं असेल, याची मी कल्पना करू शकत होते. तिनं मशीनला मात्र काहीच विचारलं नव्हतं.

मशीन म्हणजे प्रेस. पत्रा आत सरकवायचा, पायाखालचं पॅडल दाबायचं, वरचा जड ठोकळा खाली येतो आणि झाकण कापलं जातं. मग हात आत घालून झाकण काढायचं. हात ठोकळ्याखाली जाऊ नये म्हणून पुढे एक जाळी असते, पण जाळीमुळे काम हळू होतं, म्हणून ती वर उचलून तारेनं बांधून ठेवलेली. एका दुपारी भागीचा हात आत असताना ठोकळा खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं.

मी इस्पितळात भेटायला गेले, तर तिनं 'बाई' सुद्धा म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "मी पाय दिलाच नव्हता."

कंपनीनं कागदावर लिहिलं की कामगाराचा पाय चुकून पॅडलवर पडला. भागी येणाऱ्या प्रत्येकाला तेच एक वाक्य सांगत राहिली. नर्सला, बुधूला, सासू बाईजाला, चहा देणाऱ्या मुलाला.

जखम भरली. हात कामाला लागला, उरलेल्या बोटांनी ती विळाही धरायला लागली. पण बाकीचं काहीतरी बिघडलं होतं. पिठाच्या गिरणीच्या दारातून ती परत यायची. जीपचं दार स्वतः लावायची नाही. कुणाच्या घरी गेली तर पंख्याखाली बसायची नाही, भिंतीला टेकून उभी राहायची आणि दोन्ही हात काखेत धरायची. झोपेतून ओरडत उठायची. बाईजा म्हणाली, भगताला दाखवू. भागी म्हणाली, "त्या भगताला त्याच्याच बायकोचा ताप उतरवता नाय आला." झालं, तो विषय संपला.

वाडीत कुजबुज सुरू झाली. कारण कंपनीनं निरोप पाठवला होता, की ये, त्याच शेडमध्ये पॅकिंगचं काम देतो. भागी गेली नाही. शेडच्या फाटकापर्यंत गेली, आतून प्रेसचा ठोका ऐकला आणि रस्त्यावर बसून ओकली. पण ते कुणी पाहिलं नव्हतं. वाडीनं एवढंच पाहिलं की काम मिळत असताना बाई घरी बसलीय. "भागीला आता बसून खायचंय," बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. खरं सांगायचं तर काही दिवस माझ्याही मनात पाल चुकचुकली. हुशार मुलगी, कायदा कळायला लागलेला, वकील मिळालेला.

मग एकदा मी न सांगता तिच्याकडे गेले. ती मागच्या अंगणात होती, तिनं मला पाहिलं नव्हतं. डालग्याखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. एरवी बायका डालग्याची कड थोडी उचलतात आणि हात सारून अंडं चाचपतात. भागीनं लांब काठीनं डालगं उलटं पाडलं. कोंबडी ओरडत पळाली, एक अंडं फुटलं. भागी तिथंच उभी राहिली, काखेत हात घालून, फुटलेल्या अंड्याकडे बघत. जिला कुणी बघत नाही असं वाटतंय, ती बाई सोंग कुणासाठी करेल? मी मागच्या मागे परत फिरले आणि पुढच्या दारानं हाक मारत आत गेले.

वकील म्हणजे कल्याणचा मनोज. तरुण, बोलण्यात चटपटीत, पायात पांढरे बूट. ठेकेदारानं नाव नोंदवलं नव्हतं म्हणून भागीला कामगार विम्याचं इस्पितळ लागू नव्हतं, म्हणून ठाण्याच्या लेबर कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावलेला. त्यानं मला समजावून सांगितलं. "बाई, बोटांचं कायद्यात लिहिलेलंय. कुठलं बोट, किती गेलं, सगळं ठरलेलं. मनाचं तसं लिहिलेलं नाही. मन गेलं हे दाखवावं लागतं. आणि तिथंच कारखान्याच्या वतीनं भरपाई देणारी विमा कंपनी म्हणते, ही नाटक करतेय. एकदा नाटक ठरलं ना, मग बोटांवर पण शंका. हिनंच हात घातला असेल म्हणतील."

"मी पाय दिलाच नव्हता," भागी कोपऱ्यातून म्हणाली.

"ताई, कायद्याला पायाशी फार घेणंदेणं नाही. कामावर असताना लागलं, बास."

"तुझ्या कायद्याला नसंल. मला हाय."

त्याच महिन्यात मोटरसायकलवर एक माणूस वाडीत आला. गावरान कोंबडं पाहिजे म्हणाला. सगळ्यांशी गोड बोलला, म्हाताऱ्यांना तुम्ही-तुम्ही केलं, भागीच्या अंगणात बराच वेळ रेंगाळला. मोबाइलवर बोलत फिरत होता. कोंबडं न घेताच गेला. संध्याकाळी भागी बुधूला म्हणाली, "तो कोंबडंवाला नाय. कोंबडं घेणारा आधी पायाला धरून उचलतो, वजन बघतो. यानं हातच नाय लावला. आणि मला तुमी बोलला."

"शिकलेला माणूस असंल गो," बुधू म्हणाला.

"शिकलेला तुमी कवा बोलतो? काय पाहिजे असलं की बोलतो."

बुधू हसला. दोन महिन्यांनी मनोजनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला, जो विमा कंपनीनं कोर्टात दिला होता. त्यात भागी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होती आणि कुणाच्या तरी चेष्टेवर मोठ्यानं हसत होती. बुधू बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "लाकडं डोक्यावर हायत, मशीन नाय."

"ते कोर्टाला सांग," मनोज म्हणाला.

विमा कंपनीनं तिला कल्याणला आपल्या डॉक्टरकडे मनाच्या तपासणीला बोलावलं. त्या तपासणीत काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. अहवाल आला तो असा: स्मरणशक्ती उत्तम, लक्ष उत्तम, आकडेमोड उत्तम, सर्व प्रश्नांना तत्पर उत्तरं, झोप चांगली, भूक चांगली, भीती नाही. शेवटी एक ओळ होती, की बाईचा स्वभाव मुळातच संशयी दिसतो आणि त्याचा अपघाताशी संबंध नाही. मनोजनं डोक्याला हात लावला. "ताई, तुम्ही झोप चांगली का सांगितली?"

भागीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याला दुसऱ्या बाजूनं पैसे मिळाले असावेत.

मनोजनं धडपड करून कोर्टाकडून दुसरी तपासणी मागून घेतली, ठाण्याच्या सरकारी इस्पितळात. अपघाताआधी तिला ओळखणारं कुणीतरी बरोबर आणा, असं तिथून सांगितलं होतं. मी जाणार ठरलं. आदल्या दिवशी मनोज घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही एवढंच सांगा की ही आधी एकदम मोकळी होती. साधी, भोळी. कुणावर संशय नाही, काही नाही. सगळं अपघातानंतर सुरू झालं."

"पण ती भोळी कधीच नव्हती."

"बाई, संशयी होती म्हणालात तर त्यांच्या हातात कोलीत जाईल. बघा, तुमच्याच विद्यार्थिनीचं प्रकरण आहे."

मी त्याचा रिकामा कप उचलून आत नेला. दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाताना भागी माझ्याशेजारी हात काखेत घालून बसली होती. टिटवाळा गेल्यावर तिनं विचारलं, "तू काय सांगणार?"

"जे बघितलंय ते."

"मंजी माझ्या बाजूनं का नाय?"

मी म्हटलं, ते तूच ऐक. तिनं तोंड फिरवलं. त्या दिवशी माझ्यावरही तिचा भरवसा नव्हता, आणि तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

इस्पितळातल्या त्या खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि जोरात फिरणारा पंखा. मानसतज्ज्ञ बाईंचं नाव रंजिता. चाळिशीच्या, केस पिकायला लागलेले, आवाज बसका. त्या म्हणाल्या, "बसा." भागी भिंतीला टेकून उभी राहिली. रंजिताबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि उठून पंखा बंद केला.

भागी बसली नाही. "पंखा का बंद केलास?"

"मला गार वाटत होतं."

"मे महिन्यात? खोटं बोलतेस."

मला वाटलं, आता संपलं. रंजिताबाई खुर्चीत मागे टेकल्या. "हो, खोटं बोलले. तुम्ही त्याच्याकडे सारख्या बघत होतात, म्हणून बंद केला."

"तुमी म्हणू नको मला."

"बरं. बस."

भागी बसली. मी पाहिलं, खुर्चीच्या कडेलाच, पण बसली. रंजिताबाईंनी पुढ्यातला कागद घेतला आणि म्हणाल्या, "आता मी तुला काही..." तेवढ्यात भागीनं पाठ ताठ केली, समोरच्या भिंतीकडे नजर लावली आणि पाढे म्हणावेत तशा सुरात सुरू झाली. "चेंडू, झेंडा, झाड. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. झोप चांगली लागते. भूक चांगली लागते. भीती नाय वाटत. जीव द्यावा असं नाय वाटत."

रंजिताबाईंनी कागद खाली ठेवला. "मी अजून काहीच विचारलेलं नाही."

"इचारणार हायेस ना? हेच इचारतात."

"कुणी सांगितलं?"

भागी पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. पण मला कळलं. सुदाम. शेजारच्या गावचा, त्याच कंपनीत मशीनची दुरुस्ती करणारा; कल्याणच्या तपासणीआधी तो भागीकडे सारखा येऊन जायचा. शेडवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला होता, त्याची तपासणी त्याच कल्याणच्या डॉक्टरकडे आधी झाली होती. आमच्याकडे कुणी भरतीला जाऊन आला की पुढच्याला सगळं विचारलेलं सांगतो. वनरक्षकाची भरती असो, अंगणवाडीची मदतनीस असो, प्रश्न आधी गोळा करायचे, उत्तरं पाठ करायची. सुदामनं तेच केलं. आणि भागीनं, जिनं दुकानदाराचा रिकामा तराजू तपासला, तिनं महिनाभर लक्षात ठेवायचे ते तीन शब्द घोकत, शंभरातून सात उणे करत डॉक्टरला फसवायची तयारी केली, कारण डॉक्टर आपल्याला नापास करायला बसलाय अशी तिची खात्री होती. आणि ती पहिल्या नंबरानं पास झाली.

मी ते रंजिताबाईंना सांगितलं. त्यांचं हसू ओठांपर्यंत आलं, पण त्यांनी आवरलं. भागीला म्हणाल्या, "अगं, इथं पास व्हायचं नसतं."

"मग काय व्हायचं असतं?"

रंजिताबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "जसं आहे तसं दिसायचं असतं."

"तसं दिसलं की येडी म्हणतात. नाय तर नाटकी म्हणतात."

"कोण?"

"वाडी. कंपनी. कोंबडंवाला."

रंजिताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ही आधीपासून अशी होती का? संशयी? भागी माझ्याकडे बघत होती. दाराबाहेर मनोज उभा होता, त्याच्या पांढऱ्या बुटाचं टोक दिसत होतं.

मी म्हटलं, "होती. आठ वर्षांची असल्यापासून. माणसांवर."

बूट हलला.

"पण वस्तूवर कधीच नाही," मी पुढे म्हटलं. आणि ओढ्याकाठची बिळं सांगितली, खांद्यापर्यंतचा हात सांगितला. मग अंगणातलं डालगं आणि फुटलेलं अंडं सांगितलं. हे मी पाहिलंय हे भागीला माहीत नव्हतं. तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. "माणसांवरचा तिचा संशय हा आजार नाही, मॅडम. तो बहुतेक वेळा खरा निघतो. कोंबडंवाल्याचाही निघाला. आता ती पंख्यावर संशय घेते, गिरणीवर घेते, जीपच्या दारावर घेते. हे नवीन आहे. ही माझ्या वर्गातली भागी नाही."

काखेतले हात भागीनं हळूहळू मांडीवर काढून ठेवले. मग बोलली, पण आमच्यापैकी कुणाकडे बघून नाही. "बाईनं एक नाय सांगितलं. बाईला म्हाईत नाय. मला माझ्या पायाचा पण भरवसा नाय आता. मी सगळ्यांना सांगते, पाय नाय दिला. पण रातीला पाय आपोआप दाबला जातो. झोपेत. पॅडल असल्यासारखा. मंग वाटतं, मीच दिला असंल तर?"

मनोज दारातून आत आला. "हे कोर्टात बोलायचं नाही, ताई."

"तुम्ही बाहेर थांबा," रंजिताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

अहवालात त्यांनी तेही लिहिलं. झोप लागत नाही, अंग दचकतं, प्रेसच्या आवाजानं उलटी होते, बंद आणि पोकळ जागेत हात घालता येत नाही, आणि स्वतःच्या आठवणीवरचाही विश्वास उडालाय. हा विश्वास उडणं म्हणजे कबुली नव्हे, ती दुखापतच आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आधीच्या तपासणीत उत्तरं पाठ करून दिली होती हेही लपवलं नाही. मनोज घाबरला होता, पण कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाला त्यातून काही काढता आलं नाही. जिनं फसवायचं म्हणून तब्येत चांगली सांगितली, तिला नाटकी कसं म्हणायचं? व्हिडिओ काढला म्हणून साक्षीला आणलेल्या कोंबडंवाल्याला मनोजनं एकच प्रश्न विचारला: कोंबडं घेतलंत का? तो नाही म्हणाला. दावा मान्य झाला, बोटांचाही आणि त्या कामाला ती परत जाऊ शकत नाही याचाही. उपचारांचा खर्चही कंपनीवर पडला. निकाल कळला तेव्हा भागी म्हणाली, "कागद बघितल्याशिवाय काय खरं नाय." कागद बघितला, मग माझ्याकडून वाचून घेतला, मग मुरबाडच्या झेरॉक्सवाल्याकडून पुन्हा वाचून घेतला.

पण रात्री पाय दाबला जायचा तो जातच होता. कोर्टानं तिच्यावर विश्वास ठेवला होता. तिचा स्वतःवर अजून बसला नव्हता.

रंजिताबाई महिन्यातून एकदा शहापूरच्या सरकारी दवाखान्यात येतात. भागी तिथं जायला लागली. पहिले काही महिने मी बरोबर जायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी रंजिताबाईंनी विचारलं, त्या मशीनची माहिती असलेलं कुणी आहे का? भागीनं सुदामचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाली, "तो नाय येणार. त्याची पण केस चालू हाय. भितो."

पुढच्या वेळी सुदाम आला. उशिरा आला, डोक्याला रुमाल बांधून, दारातच उभा राहिला. रंजिताबाईंनी त्याला विचारलं, पॅडलवर पाय नसताना ठोकळा खाली येऊ शकतो का? त्यानं माझ्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं.

"येतो. त्या मशीनला खोड व्हती."

"खोटं," भागी म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"आईशप्पथ गो भागी."

"कुठल्या बाजूला खराबी व्हती?"

"उजव्या. क्लचची स्प्रिंग. पॅडल सोडलं तरी कधीकधी तो दुसऱ्यांदा येतो."

"कवा बघितलंस?"

"तुझ्या आधी आठ-दहा दिवस. रिकामाच आला. मी फोरमनला दाखवला. तो बोलला, ऑर्डर संपू दे."

"त्या वेळी मशीनवर कोण व्हती?"

"कोण नाय. जेवायची सुट्टी व्हती. मी आणि फोरमन."

"स्प्रिंग मंग बदलली का?"

"तुझ्यानंतर. त्याच राती बदलली. जुनी मला टाकायला दिली."

भागी त्याच्याकडे बघत राहिली. दुकानदाराला बघायची तशीच. रंजिताबाई मध्ये पडल्या नाहीत. सुदामचं कपाळ घामानं भिजलं होतं, पण तो अडखळला नाही, उत्तरं बदलली नाहीत. पाठ केलेली उत्तरं कशी असतात हे भागीइतकं त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं.

"मंग तवा का नाय बोललास?" तिनं शेवटी विचारलं. "चेंडू-झेंडा सांगायला आलास ते घरी. ह्ये का नाय सांगितलंस?"

सुदामनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "कामावर ठेवला नसता," तो पुटपुटला. मग म्हणाला, "चुकलो गो."

भागीनं त्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती उठली, बाहेर नळावर गेली आणि तोंड धुतलं. परत आली तेव्हा दोन्ही हात बाजूला मोकळे होते. "मंजी पाय नव्हता," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तरी रंजिताबाई म्हणाल्या, "नव्हता."

"तू नको सांगू. तू तिथं नव्हतीस," भागी म्हणाली. रंजिताबाईंनी मान डोलावली.

सुदामनं नंतर ते कोर्टात सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्या केसचं काय झालं तेही मला कळलेलं नाही. भागी दर महिन्याला शहापूरला जात राहिली. एकदा विचारलं, काय बोलता गं तुम्ही इतका वेळ? म्हणाली, "ती इचारते, मी इचारते." वाडीतल्या बायका आता म्हणतात, भागीला सरकारी डॉक्टरीण लागू झालीय. भागीला ते ऐकून राग येत नाही, कारण कुजबुज तोंडावर आली म्हणजे मागं काही उरलं नाही, असं तिचं गणित आहे. झोप पूर्वीपेक्षा बरी आहे. जीपचं दार ती लावते, जपून. गिरणीत मात्र अजून बुधू जातो.

आता भागी किन्हवलीजवळच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे. मोठा मिक्सर दुसरी बाई चालवते. भाकऱ्या भागी करते.